उपाशी पाणी

३ तारीख, सोमवार

आजपासून मी मीटर आहे. चष्मेवालीने सगळ्यांदेखत जाहीर केलं, "पेटीजवळचं मीटर अजून बोटीवर आहे. ते येईपर्यंत आपलं मीटर म्हणजे या मावशी." सगळे फिदीफिदी हसले. मी म्हटलं, "मीटरला दोनदा चहा लागतो, आणि मी तुझ्या आईची बहीण नाही." ती गोरीमोरी झाली. होऊ दे. पहिल्याच दिवशी धाक बसलेला बरा.

चष्मेवाली म्हणजे नवी इंजिनिअर. मी नोकरीला लागले तेव्हा ही जन्मलीही नसेल. हुशार आहे, पण माणसाशी बोलताना स्क्रीनकडे बघते.

नव्या कारखान्याची ही नवी वही. इथे काय चालतं ते आधी माझ्या भाषेत लिहून ठेवते, कारण स्वतःला सांगितल्याशिवाय मला काही पचत नाही. कोळशावरचं वीजघर बंद पडून दोन वर्षं झाली. खाणीचा खड्डा पाण्याने भरला. टेकडीवर पवनचक्क्या आल्या, खालच्या माळावर सौर पट्ट्या. वारा आयता, ऊन आयतं, खड्ड्यातलं पाणी आयतं. ते पाणी गाळायचं, क्षार ओढून घेणाऱ्या रेझिनच्या नळकांड्यांतून धुऊन काढायचं, टाकीत साठवायचं आणि टाकीतून पेटीत सोडायचं. पेटी म्हणजे कपाटाएवढं यंत्र. तिच्यात वीज सोडली की पाणी फुटतं. एका नळीतून हायड्रोजन, दुसरीतून ऑक्सिजन. धूर नाही, राख नाही. पण बया भारी नाजूक. पाण्यात चिमूटभर क्षार गेला तरी आजारी पडते. म्हणून रोज पेटीच्या तोंडाशी बाटली भरायची आणि पाण्यातल्या क्षाराचा आकडा काढायचा, हे माझं काम. आकडा ०.१ च्या आसपास हवा. अर्ध्याच्या वर गेला की धोका.

वीस तारखेला हायड्रोजनचे खरेदीदार येणार. तीन दिवस पेटी सलग चालवून दाखवायची. चालली तर अशा आणखी नऊ पेट्या इथे बसतील आणि जुन्या वीजघरातली आत्ता चाळीस माणसं घेतलीत, त्यांची चारशे होतील. नाही चालली तर हीसुद्धा उचलून किनाऱ्यावरच्या कारखान्यात नेणार, असं मोठ्या साहेबांनी हसत हसत सांगितलं. त्या चाळिसांत आमचे हेही आहेत.

५ तारीख, बुधवार

आकडा १.१.

बाटली तीनदा विसळली, पुन्हा भरली. पुन्हा १.१. चष्मेवालीने स्क्रीन दाखवला. रेझिनच्या पुढे, टाकीच्या अलीकडे एक मीटर बसवलंय. ते म्हणतंय ०.०९. "मावशी, तुमच्या बाटलीत काही राहिलं असेल."

सव्वीस वर्षं मी बॉयलरच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या. वीजघरात मला बाटलीबाई म्हणायचे. माझी बाटली आणि घाण! रजिस्टरमध्ये १.१ लिहिलं आणि सही ठोकली.

रजिस्टर मराठीत ठेवायचं, हे मी भांडून मिळवलंय. वीजघराचा नियमही सोबत आणलाय. लिहिलेलं गिरवायचं नाही, पुसायचं नाही. बदलायचंच तर एक आडवी रेघ, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याची बाजूला हुद्द्यासकट सही. साहेब म्हणाले, "आमच्याकडे सगळं कम्प्युटरवर असतं." मी म्हटलं, "असू दे की. हे माझ्याकडे."

६ तारीख, गुरुवार

आकडा ०.१. शहाण्या मुलासारखा.

मग काल काय भूत शिरलं होतं? आज रेझिनवाला आला होता. तो दर गुरुवारी येतो, मीटर पुसतो, लोण्यासारखं हसतो. रेझिनही त्याचंच आणि मीटरही त्यानेच बसवलेलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या चाव्या! मी त्याच्यावर डोळा ठेवायचं ठरवलंय.

हे आज घरी. गुरुवार यांची सुट्टी. दिवसभर मोरीतल्या नळाचा वायसर बदलत बसले. नळ गळत नव्हता.

८ तारीख, शनिवार

काल १.२, आज १.२.

सकाळी चहा घेताना हे कुरकुरले, "इथे आग नाही, वाफ नाही, धग नाही. टाकी रिकामी करा, टाकी भरा, पातळी लिहा. हे काय पहिल्या वर्गाच्या बॉयलर अटेंडंटचं काम आहे?"

एकतीस वर्षं यांनी आगीचा रंग बघून बॉयलर चालवला. यांच्या पाळीत एक नळी कधी फुटली नाही. वीजघर बंद झालं त्या दिवशी भट्टीच्या दाराला हात लावून उभे राहिले होते, दार गार होईपर्यंत. मला बघवलं नव्हतं.

मग म्हणाले, "आणि पाणी किती कोरं ठेवतात ते! कोरं पाणी उपाशी असतं गं. त्याला खायला दिलं नाही तर ते नळी खातं."

"अहो, या नळ्या वेगळ्या आहेत."

"वेगळ्या म्हणजे कशा?"

"वेगळ्या म्हणजे वेगळ्या. साहेबांनी सांगितलंय."

खरं तर मलाही कुणी धड सांगितलेलं नाही. हे पिशवी उचलून निघाले. हल्ली पाळीच्या अर्धा तास आधीच जातात. जिना उतरताना गुणगुणत होते. मला बरं वाटलं. माणूस कामात रमला की कुरकुर नुसती तोंडदेखली उरते.

१० तारीख, सोमवार

१.२. मी खालच्या मजल्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, की त्या रेझिनवाल्याचं मीटर खोटं बोलतंय. चष्मेवालीने दुसरं मीटर आणून पडताळून बघितलं. दोन्ही ०.०९. मी म्हटलं, दोन्ही एकाच पिशवीतली. ती शांतपणे म्हणाली, "मीटर आणि तुमची बाटली यांच्यामध्ये फक्त टाकी आहे. टाकीच्या आवारात कोण असतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "टाकीवर आमचे हे असतात. एकतीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस आहे. त्यांच्या आवारात माशी शिंकत नाही!"

"मी सहज विचारलं, मावशी."

"सहज विचारायला ते काय भाजीचं दुकान आहे?"

घरी येऊन यांना सांगितलं. त्यांचा अपमान झाला म्हणून मला जास्तच लागलं. जेवताना एवढंच म्हणाले, "टाकीला माझ्या नीट नजर आहे, तू काळजी करू नकोस." मला माहीतच आहे.

१३ तारीख, गुरुवार

आज रेझिनवाल्याचा पाठलाग केला. तो नळकांड्यांकडे गेला, मी गेले. तो चहाला गेला, मी गेले. तो स्वच्छतागृहात गेला तेव्हा बाहेर उभी राहिले. शेवटी हात जोडून म्हणाला, "बाई, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "ते तुलाच ठाऊक!"

आकडा ०.१. बघा! हा आला की सुधारतो. गुरुवार सोडून हा येत नाही आणि गुरुवार सोडून आकडा सुधारत नाही. काहीतरी काळंबेरं आहे खास.

१४ तारीख, शुक्रवार

यांना ताप भरलाय. रजा टाकायला लावली. अंथरुणात पडून तीनदा विचारलं, "टाकीवर कोण गेलंय? नीट बघेल ना तो?" मी गोळी दिली आणि गप्प पडा म्हटलं.

आकडा आजही ०.१. म्हणजे कालचा माझा दम रेझिनवाल्याला शुक्रवारपर्यंत पुरला. वाघीण आहे मी!

१५ तारीख, शनिवार

हे कामावर गेले. ताप उतरलाय असं म्हणाले, कपाळ अजून कोमट होतं. आकडा १.२. दम एकच दिवस पुरला म्हणायचा.

चष्मेवाली म्हणाली पेटी थकल्यासारखी वागतेय, तेवढ्याच विजेत कमी हायड्रोजन देतेय. म्हणजे माझा आकडा खरा! तिला मी तसं तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "किंवा पेटीच मुळात सदोष आली असेल." एकदा माझं खरं म्हणाली असती तर काय चष्मा फुटला असता?

१७ तारीख, सोमवार

मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कागद, चष्मेवालीचा रिपोर्ट. "नमुना घेण्यात त्रुटी. हाताने काढलेले आकडे ग्राह्य धरू नयेत." आणि खाली माझ्या सहीसाठी जागा.

साहेब गोड बोलले. "तीन दिवसांवर चाचणी आलीय. खरेदीदारांनी हे रजिस्टर बघितलं तर? तुमच्याच माणसांच्या चारशे नोकऱ्या आहेत. एक सही करा."

मी म्हटलं, "साहेब, त्याच चारशे नोकऱ्यांसाठी करत नाही. पाणी घाण आहे. तुम्ही सही घेऊन ते स्वच्छ होणार आहे का? चाचणीच्या दुसऱ्या दिवशी पेटी मान टाकेल, मग किनाऱ्यावर न्याल ती आणि म्हणाल, इथल्या लोकांना जमलं नाही."

"मग सही दुसरं कुणीतरी करेल."

"करू दे. रजिस्टर माझ्या कुलपात आहे, आणि किल्ली कुठे आहे ते विचारायचं नाही."

बाहेर येऊन आधी किल्ली चाचपली. मी घाबरले होते, लिहायला लाज कसली? नोकरी गेली तर या वयात मला कोण ठेवणार आहे? पण सही करणार नाही म्हणजे नाही. चष्मेवाली जिन्यात भेटली. तिच्याशी बोलले नाही.

१८ तारीख, मंगळवार

कसं लिहू.

कंपनीने सगळ्यांना सारख्याच निळ्या पिशव्या दिल्यात. सकाळी धांदलीत मी यांची घेऊन गेले. दुपारी डबा काढायला हात घातला तर डब्याखाली चहाचा जुना पत्र्याचा डबा लागला. आत पांढरी भुकटी. आणि पितळी माप.

ते माप मी अंधारातही ओळखेन. बॉयलरमध्ये औषध टाकायचं माप. वीजघर बंद झालं तेव्हा सगळ्यांनी काही ना काही आठवण आणली, यांनी हे आणलं होतं. औषध म्हणजे फॉस्फेट. बॉयलरच्या लोखंडी नळ्या गंजू नयेत म्हणून पाण्याला रोज द्यायचं. हे माप टाकायचे, बाटली माझ्याकडे यायची. तिच्यात दोन थेंब घातले की पाणी निळं व्हायचं. निळं झालं म्हणजे औषध पोचलं, नळ्या खुशाल. मी बाटली खिडकीत धरायची आणि हे खाली अंगणात उभे राहून हात वर करायचे. आमचं लग्न त्या खिडकीतच जमलं.

त्या थेंबांची बाटली माझ्या कपाटात अजून होती. इथे तिचं काही काम नव्हतं, कारण इथे पाण्यात कुणी फॉस्फेट टाकतच नाही. कालचं पाणी बाहेर काढलं. दोन थेंब टाकले आणि भिंतीकडे बघत उभी राहिले. बघितलं तेव्हा फिकट निळं होतं.

पंधरा दिवस मी आकड्याशी भांडले, रेझिनवाल्याशी भांडले, त्या पोरीशी भांडले. हे दोन थेंब पहिल्याच दिवशी घातले असते तर? सव्वीस वर्षं जे रोज केलं, ते नेमकं इथे सुचलं नाही. गुरुवार सुट्टीचा. शुक्रवारी ताप. अगं बाई, तुझ्या डोळ्यांसमोर होतं सगळं!

संध्याकाळी डबा यांच्यापुढे ठेवला. "अहो, हे काय?"

"औषध." हे जराही दचकले नाहीत. उलट म्हणाले, "माझी पिशवी तुझ्याकडे होती होय? आज टाकीला उपास घडला बघ."

"किती दिवस टाकताय?"

"पहिल्या दिवसापासून. एक माप, सपाट, शीग नाही. बघितलंस ना, एक सांधा गळला नाही!"

मग दुपारी पेटीचं माहितीपुस्तक धुंडाळून जे कळलं ते सांगितलं. नळ्या लोखंडाच्या नाहीत, त्यांना गंज चढत नाही. पेटीला पाणी उपाशीच लागतं. त्यातला क्षार तिच्या आतल्या पातळ पडद्यात जाऊन बसतो आणि ती मरते. माझा आकडा चढत होता तो यांच्या मापाने.

यांनी माप हातात घेतलं. "म्हणजे मी तिला रोज विष घालत होतो?" एवढं म्हणाले आणि उठून गेले. जेवले नाहीत. मला रडू आलं. यांच्यावर राग आला म्हणून नाही, रागच आला नाही म्हणून.

१९ तारीख, बुधवार

सकाळी सकाळी युनियनचे अध्यक्ष दारात. मी कुणाला सांगितलं नव्हतं, यांनीच जाऊन सांगितलं होतं. हे आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेले. अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. पुन्हा टाकणार नाहीत ते, विषय संपला. आणि विचारलंच कुणी, तर रेझिनवाला आहेच. तुम्ही त्याला पंधरा दिवस शिव्या घालताच आहात. हे बाहेर आलं तर चाळीसच्या चाळीस जुन्या माणसांना म्हाताऱ्या सवयीचे म्हणून घरी पाठवतील."

खोटं कशाला लिहू, मला मोह झाला. चांगला चहा होईपर्यंत टिकला. मग डोळ्यांसमोर तो हात जोडून उभा राहिलेला रेझिनवाला आला.

मी कामावर गेले आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: "शुद्ध पाण्याच्या टाकीत बॉयलरचं औषध चुकून टाकलं गेलं. टाकणारा, टाकी आवारातला परिचर, माझा नवरा. हे पंधरा दिवस न ओळखणारी, मी." सही केली. उघडं रजिस्टर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

साहेबांनी दोनदा वाचलं. आणि काय म्हणावं माणसाने? "नवऱ्याचं नाव कशाला? 'बाहेरून अशुद्धी' असं लिहा. रेझिनवाल्याला बदलू आपण. खरेदीदारांना तेवढं उत्तर पुरेल."

दोन दिवसांपूर्वी पाणी स्वच्छ आहे म्हणून सही मागत होते, आज घाण आहे म्हणून मागतात! मी म्हटलं, "साहेब, रेझिनवाल्याचा दोष नाही. मीच त्याला चोर म्हणत होते, आता मीच त्याची माफी मागणार आहे. आमच्या यांना काढायचं तर काढा. पण एक ऐकून घ्या. तुम्ही चाळीस माणसांना पाच दिवस शिकवलंत. टोपी कशी घालायची, बूट कसे बांधायचे, कुठे उभं राहायचं नाही. पाणी उपाशी का ठेवायचं ते एका शब्दाने सांगितलं नाहीत. तुम्हाला वाटलं, यांना काय करायचंय कारण कळून? अहो, या माणसांनी आयुष्यभर पाण्याला औषध दिलंय. जो हयगय करणारा असता, त्याने इथे काहीच टाकलं नसतं. ज्याला काळजी होती त्यानेच टाकलं. बाकीचे एकोणचाळीस आज काय काय करत असतील, तुम्हाला माहितीये? मला नाही."

साहेब स्क्रीनकडे बघायला लागले. आणि तिथेच बसलेली चष्मेवाली, जी कायम स्क्रीनकडे बघते, ती माझ्याकडे बघत होती. तिने स्वतःचा सोमवारचा रिपोर्ट ओढला, "नमुना घेण्यात त्रुटी" या शब्दांवर एक आडवी रेघ मारली आणि बाजूला सही केली. म्हणाली, "मावशींचा नमुना बरोबर होता, सर. या पाण्यावर उद्या चाचणी घेतली तर पेटी जाईल. धुऊन काढायला तीन आठवडे लागतील. आजारी आहे, मेलेली नाही."

तिला म्हटलं, यापुढे मावशी म्हटलंस तरी चालेल.

२० तारीख, गुरुवार

चाचणी पुढच्या महिन्यात नऊ तारखेला. खरेदीदार रागावलेत, पण येणार आहेत.

रेझिनवाल्याची माफी मागितली, दात-ओठ खात का होईना. तो लोण्यासारखं हसला. लबाड नसेल, पण ते हसू मला आजही आवडत नाही.

यांना कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. त्यात माझी नोंद जशीच्या तशी छापली आहे. गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही, असंही लिहिलंय. हे पत्र घेऊन खिडकीशी गेले, वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. माझ्याशी बोलले नाहीत.

२४ तारीख, सोमवार

अजून अबोला. घरात आम्ही दोघं आणि बोलतो फक्त कुकर. अध्यक्षांची बायको रस्त्यात म्हणाली, "नवऱ्याचं नाव लिहायला हात कसा धजला गं?" मी म्हटलं, "उजवा हात. डाव्याने मला लिहिता येत नाही."

घरी येऊन मात्र मोरीत तोंड धुताना रडले. खरं लिहिलं म्हणून माणूस गमावून बसले का मी? लिहिल्याचा पस्तावा नाही. पण यांच्यावाचून जेवण जात नाही, तेही खरं.

कारखान्यात उद्यापासून मी शिकवणार. साहेबांनी आढेवेढे घेतले, पण चष्मेवालीने खनपटीला बसून परवानगी काढली. मी म्हटलं आमच्या यांनाही बसू द्या. त्याला नाही म्हणाले.

२५ तारीख, मंगळवार

एकोणचाळीस माणसं, आठ दिवस, रोज एक तास. फळा नको म्हटलं. लोखंडाचा तुकडा कोऱ्या पाण्यात, आपल्या नळीचा तुकडा कोऱ्या पाण्यात, दोन्ही काचेत घालून खिडकीत ठेवले. रोज येता-जाता बघा. मग विचारलं, "कुणी आणखी काही टाकतंय का? ओतताय, पुसताय, लावताय? आज सांगितलं तर रागावणार नाही."

शेवटी एका फिटरने हात वर केला. तो सगळ्या नळ्यांच्या सांध्यांना ग्रीस लावत होता, ऑक्सिजनच्यासुद्धा, घट्ट होऊ नयेत म्हणून. चष्मेवाली पांढरीफटक पडली आणि पळतच सुटली. ऑक्सिजनला ग्रीस लागलं तर भडका उडतो. दिवसभर सगळे सांधे उघडून पुसले.

साहेब संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. बरंच झालं, मी खूप काही बोलले असते.

२६ तारीख, बुधवार

हे बोलले!

मी ग्रीसची गोष्ट भिंतीला ऐकवत होते. हे ताटावरून मान वर न करता म्हणाले, "चुकून खोड."

"काय?"

खिशातून ते पत्र काढलं. घड्या पार मऊ पडल्या होत्या. "तू लिहिलंस 'चुकून टाकलं गेलं'. मी चुकून काही टाकत नाही. एकतीस वर्षांत टाकलं नाही. माप धरून, सपाट करून, घड्याळ बघून टाकलं. काळजीने टाकलं. माझं चुकलं, ते चुकलं. पण चुकून नाही."

"म्हणून सहा दिवस तोंड शिवून बसला होतात? मला वाटलं, तुमचं नाव लिहिलं म्हणून..."

"नाव लिहायलाच हवं होतं. तू नसतं लिहिलंस तर मी लिहिलं असतं. पण धांदरट माणसासारखं लिहिलंस गं."

मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम. म्हटलं, "अहो, पण नियम तुम्हाला माहितीये. रेघ मी मारेन, सही तुमची लागते. आणि तुम्हाला तर गेट बंद."

"ते तू बघ. भांडायला तुला कुणी शिकवायला नको."

२ तारीख, बुधवार

साहेबांना विचारलं. नाही म्हणाले. पुन्हा विचारलं. "एवढ्याशा शब्दासाठी?" म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या पत्रात छापण्याएवढा मोठा होता की."

खिडकीतलं लोखंड लाल झालंय, नळीचा तुकडा चकचकीत. माणसं आपापसांत वाद घालतात, एकमेकांना समजावतात. मी घरी येऊन सगळं यांना सांगते. हे असे प्रश्न विचारतात की मला दुसऱ्या दिवशी चष्मेवालीला विचारून यावं लागतं.

९ तारीख, बुधवार

आकडा ०.०८. सही केली, अक्षर जरा मोठंच काढलं.

पहिला वायू उंच नळीच्या टोकावर जाळून दाखवायचा होता. दुपारचं रणरणतं ऊन. खरेदीदार, साहेब, चष्मेवाली, आम्ही सगळे माना वर करून उभे. ठिणगी दिली. काहीच दिसेना. हायड्रोजनची ज्योत उन्हात दिसत नाही, हे आठ दिवस मीच शिकवलं होतं, तरी मी डोळे फाडून नळीच्या टोकाकडे बघत राहिले. साहेब म्हणाले, "पेटलं नाही." चष्मेवाली स्क्रीनवर आकडे शोधायला धावली.

कुंपणाबाहेरून आवाज आला, "पेटलंय!"

हे. कुंपणाला टेकून, कपाळावर हात धरून. "नळीकडे बघू नका, तिच्या वरच्या हवेकडे बघा. मागची पवनचक्की हलल्यासारखी दिसते ना? ती धग आहे. झकास पेटलंय. ज्योत हातभर उंच आहे."

सगळ्यांनी बघितलं. खरंच, पवनचक्कीचं पातं वितळल्यासारखं हलत होतं. तेवढ्यात चष्मेवाली आतून ओरडली, "पेटलंय, सर!" खरेदीदारांपैकी एका बाईंनी विचारलं, "ते बाहेरचे कोण?" साहेब काही बोलायच्या आत मी म्हटलं, "ते आमचे आग ओळखणारे. साहेबांनी त्यांना बाहेर ठेवलंय." साहेबांनी रुमाल काढून मान पुसली.

१२ तारीख, शनिवार

तीन दिवस पूर्ण. पेटी एकदाही अडखळली नाही. नऊ पेट्या इथेच बसणार, साहेबांनी भोंग्यावरून सांगितलं. आरडाओरडा, मिठ्या, चष्मेवाली माझ्या गळ्यात. यांना परत घ्या म्हणून मी पुन्हा अर्ज दिला. "बघू" म्हणाले. बघा. मी दर सोमवारी देणार आहे.

मग मी कपाट उघडलं, रजिस्टर काढलं आणि सरळ गेटवर चालत गेले. रजिस्टर आवाराबाहेर न्यायचं नाही आणि यांनी आवारात यायचं नाही, दोन्ही नियम मला पाठ आहेत. गेटवर पास द्यायची खिडकी आहे. खिडकीच्या फळीवर रजिस्टर ठेवलं. मी आत, हे बाहेर. गेटवरचा माणूस त्या एकोणचाळिसांतलाच. तो पाठ करून पवनचक्क्या मोजायला लागला.

मी 'चुकून' वर एक आडवी रेघ मारली. खालचं वाचता येतंय. वर लिहिलं, 'काळजीने'. रजिस्टर यांच्याकडे फिरवलं.

यांनी चष्मा लावला, सगळी नोंद पहिल्यापासून वाचली, सही केली. मग हुद्द्याच्या रकान्याशी थांबले. पत्राप्रमाणे त्यांना आता हुद्दाच नाही. माझ्याकडे बघितलं. मी काही सुचवलं नाही.

सावकाश, एकेक अक्षर कोरून लिहिलं: बॉयलर अटेंडंट, पहिला वर्ग.

या कारखान्यात बॉयलर नाही. असू दे. सोमवारी साहेब विचारतील, हे काय म्हणून. त्यांना खोडायचं असेल तर नियम तोच आहे, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याची सही आणावी लागेल, आणि त्यासाठी आधी त्याला गेटच्या आत घ्यावं लागेल.